जुनी कंट्री द्वंद्वगीतं ऐकायची कशी? नव्या श्रोत्यांसाठी

यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर 'क्लासिक कंट्री डुएट्स' असं शोधलं की तीस-चाळीस-पन्नास गाण्यांचे संच समोर येतात. नवा श्रोता पहिल्या गाण्यापासून लावतो आणि पाच-सहा गाण्यांत कंटाळतो. तीच गिटार, तोच संथ ठेका, तीच मोडलेल्या संसाराची रड, असं वाटायला लागतं आणि संच बंद होतो. इतक्या लवकर सोडून देण्यासारखं हे संगीत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या साध्या, बहुतेक गरीब घरांतून आलेल्या माणसांनी नवरा-बायकोच्या नात्याबद्दल जितकं उघड, जितकं थेट या गाण्यांत म्हटलंय, तितकं फार थोड्या लोकप्रिय संगीतात सापडतं.

ऐकण्याची एक रीत मात्र अंगी बाणवावी लागते. माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर उभं आहे: द्वंद्वगीत ऐकताना मुख्य चाल म्हणणाऱ्याला थोडं बाजूला ठेवा आणि दुसऱ्या आवाजाकडे कान द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

पहिली पायरी: संच पारखून घ्या

बाजारात आणि ॲपवर दोन प्रकारचे संच असतात. एकात मूळ ध्वनिमुद्रणं असतात, दुसऱ्यात त्याच गायकांनी दहा-वीस वर्षांनी पुन्हा गाऊन घेतलेली. मुखपृष्ठ जवळजवळ सारखंच. गाण्याच्या नावापुढे किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'री-रेकॉर्डेड' असं लिहिलेलं असेल, तर तो संच ठेवून द्या. उतरत्या वयातला आवाज, गुळगुळीत कीबोर्ड आणि घाईघाईची साथ यांवरून या संगीताबद्दल मत बनवणं अन्यायाचं होईल. ॲपवर दिसणाऱ्या सालावरही विसंबू नका, ते पुष्कळदा संच निघाल्याचं साल असतं. 1967 च्या गाण्यापुढे 2006 दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

दुसरी बाब ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांची. जॉनी कॅश आणि जून कार्टर कोलंबियाचे, जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेटची एकत्र गाणी एपिकची, कॉन्वे ट्विटी आणि लोरेटा लिन डेका आणि पुढे एमसीएचे, पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन आरसीएचे, लूव्हिन बंधू कॅपिटॉलचे. एखाद्या कंपनीने फक्त स्वतःच्या कपाटातून संच काढला असेल तर निम्मी मोठी नावं त्यात नसणारच. म्हणून एकाच संचावर भागवू नका. वर लिहिलेल्या पाचही जोड्यांची दोन-दोन, तीन-तीन गाणी येतील अशी स्वतःची यादी करा. वीस गाणी पुष्कळ झाली.

आणि एका बैठकीत चारच ऐका. ही गाणी बहुतेक अडीच-तीन मिनिटांची आहेत, पण प्रत्येकात एक अख्खी गोष्ट असते. सलग वीस गोष्टी कोणालाच पेलत नाहीत.

दुसरी पायरी: दोन सूर एकदम ऐकायची सवय

आपल्या कानाची खरी अडचण इथे येते. आपल्या सिनेमातल्या आणि भावगीतांतल्या द्वंद्वगीतांत साधारणपणे एक ओळ त्याची, एक तिची, आणि ध्रुवपदाला दोघं मिळून तीच चाल म्हणतात. कंट्रीत दोघं एकत्र आले की वेगवेगळ्या सुरांवर गातात. शब्द एक, लय एक, सूर दोन. सवय नसलेला कान त्यातली ठळक चाल तेवढी पकडतो आणि दुसऱ्या आवाजाला नुसती भर समजतो.

पेटी असेल तर समोर घ्या. उजव्या हाताच्या अंगठ्याने सा रे ग वाजवा. त्याच वेळी त्याच हाताच्या मधल्या बोटाने ग म प वाजवा. म्हणजे सा बरोबर ग, रे बरोबर म, ग बरोबर प. हे जे कानाला गोड आणि भरलेलं लागतं, तो कंट्रीतल्या जोडगायनाचा पाया. प्रत्यक्षात गायक दर वेळी इतकंच अंतर ठेवत नाहीत, साथीतल्या स्वरसंगतीप्रमाणे ते कमी-जास्त करतात. पण सुरुवातीला एवढं कळलं तरी पुरे.

आता हेडफोन लावा आणि लूव्हिन बंधूंचं 'व्हेन आय स्टॉप ड्रीमिंग' ऐका. 1955 चं गाणं. आयरा आणि चार्ली हे अलाबामातले सख्खे भाऊ. चार्ली खालून मुख्य चाल धरतो, मेंडोलिन वाजवणारा आयरा वरचा, उंच, काचेसारखा धारदार सूर लावतो. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा चार्लीबरोबर गुणगुणा. तिसऱ्यांदा आयराबरोबर गुणगुणायचा प्रयत्न करा. तुम्ही सारखे खालच्या चालीवर घसराल, सगळ्यांचं तसंच होतं. चिकाटी धरा. वरचा सूर एकदा गळ्यात बसला की पुढची सगळी गाणी निराळी ऐकू यायला लागतात.

हे भाऊ लहानपणी चर्चमधलं सामुदायिक गायन ऐकत वाढले. गाता गाता मध्येच ते आपापले सूर अदलाबदल करत, खालचा वर जाई, वरचा खाली येई, आणि ऐकणाऱ्याला सांधा सापडत नसे. 1965 मध्ये आयरा मोटार अपघातात गेला. चार्ली नंतर कित्येक वर्षं एकटा गात राहिला.

तिसरी पायरी: 'जॅक्सन', अगदी जवळून

कान थोडा तयार झाला की जॉनी कॅश आणि जून कार्टरचं 'जॅक्सन' लावा, 1967 चं. इंग्रजी बोली कळत नसेल तरी हे गाणं कळतं, कारण यात भांडण आहे. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात जी खुमखुमी असते, तीच इथे आहे.

सुरुवातीची ओळ दोघं एकत्र म्हणतात: मिरचीपेक्षा तिखट अशा तापात आमचं लग्न झालं. मग विस्तव विझला. तो म्हणतो, मी जॅक्सनला जातो, तिथे मजा मारतो. त्याचा आवाज खर्जातला, रुंद, फुशारकीचा. ती लगेच म्हणते, जा की! लोक तुला हसतील. जूनच्या आवाजात इथे एक गुरगुर आहे, ती नीट ऐका. तो बढाई मारत असताना ती थट्टेने हुंकार भरते, शब्द चावून म्हणते, ओळ संपवताना सूर किंचित ओरबाडते. गाणं जॉनीचं वाटतं, पण जिंकते ती. गिटारचा ठेका अखंड टकटकत राहतो, आगगाडी चालल्यासारखा, आणि या दोघांना थांबून विचार करायला वेळच देत नाही.

हे जॅक्सन नेमकं कोणत्या राज्यातलं, ते गाण्यात कुठेच येत नाही. मिसिसिपीतही जॅक्सन आहे, टेनेसीतही. आणि लग्न मोडकळीला आल्याचं हे गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा या दोघांचं लग्न झालेलंच नव्हतं, ते 1 मार्च 1968 ला झालं. त्याआधी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या फोल्सम तुरुंगात कैद्यांसमोर झालेल्या कार्यक्रमात दोघांनी हेच गाणं म्हटलं. तेही ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. स्टुडिओतलं आणि तुरुंगातलं पाठोपाठ ऐका. तुरुंगात लय चढलेली आहे, आणि जूनने तोंड उघडल्यावर समोरच्या माणसांना काय झालं असेल ते त्या गलक्यात ऐकू येतं.

चौथी पायरी: दोघं कुठे उभे आहेत ते विचारा

प्रत्येक गाण्याला हा प्रश्न विचारायचा. दोघं एकमेकांसमोर उभे आहेत, एकाच बाजूला उभे राहून जगाला सांगताहेत, की मध्ये अंतर आहे आणि एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही? 'जॅक्सन'मध्ये ते समोरासमोर आहेत. या एका प्रश्नाने सारखी वाटणारी गाणी आपोआप वेगळी होतात.

यासाठी सगळ्यात चांगली जोडी म्हणजे कॉन्वे ट्विटी आणि लोरेटा लिन. ती केंटकीतल्या बुचर हॉलोची, खाणकामगाराची मुलगी. तो मिसिसिपीचा, मूळ नाव हॅरोल्ड जेन्किन्स, आधी रॉक अँड रोल गाऊन आलेला. 1971 ते 1975 या काळात यांची सलग पाच द्वंद्वगीतं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. संचात यांचं गाणं नसेल तर संच अपुरा समजा.

'आफ्टर द फायर इज गॉन' (1971) मध्ये दोघंही दुसऱ्याच कोणाशी लग्न झालेले आहेत. घरातली ऊब संपली, म्हणून ती बाहेर शोधायला निघालेत. इथे ते एका बाजूला उभे आहेत, चोरून. आवाजही तसेच दबकत येतात, आणि ध्रुवपदाला एकदम मोकळे होतात. लोरेटाचा आवाज ऐका: तो कुठेही लाजत नाही, माफी मागत नाही. याच गाण्याने त्यांना ग्रॅमी हा अमेरिकेतला मोठा संगीत पुरस्कार मिळवून दिला.

'लुझियाना वूमन, मिसिसिपी मॅन' (1973) एकदम धावतं. मधे मैलभर रुंद मिसिसिपी नदी, तिच्यात मगरी, आणि दोन्ही काठांवर दोन उतावळे जीव. इथे अंतर आहे, पण ते नुसतं पाण्याचं.

खरं अंतर 'ॲज सून ॲज आय हँग अप द फोन' (1974) मध्ये. फोनची घंटा वाजते. ती गाते, तो फोनवरून नुसता बोलतो. ती म्हणते, लोक काहीबाही सांगताहेत, तू मला सोडून चाललास म्हणे, खोटंच असणार ते. त्याच्याकडून येतात ते बोललेले, अवघडलेले शब्द. संपूर्ण गाण्यात तो तिच्याबरोबर सुरात येत नाही, आणि नातं संपल्याचं आपल्याला त्या न गाण्यावरूनच कळतं. पहिल्यांदा ऐकताना काहींना हे नाटकी वाटेल. वाटू द्या, दुसऱ्यांदा ऐका. दुसरा आवाज काय करतो याकडे लक्ष द्या असं मी का म्हणतो, ते या गाण्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

पाचवी पायरी: जोन्स आणि वायनेट, आणि चरित्र किती जाणून घ्यायचं

जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांचं 1969 मध्ये लग्न झालं, 1975 मध्ये घटस्फोट. या सहा वर्षांत आणि नंतरही त्यांनी एकत्र गाणी केली. 1972 चं 'द सेरिमनी' म्हणजे तर जवळजवळ त्यांच्या लग्नविधीचंच गाणं. 1973 चं 'वी आर गॉना होल्ड ऑन' म्हणजे काही झालं तरी टिकवून धरू असं वचन, आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. मग घटस्फोटानंतर, 1976 मध्ये, आलं 'गोल्डन रिंग'. तेही पहिल्या क्रमांकावर.

'गोल्डन रिंग'ची गोष्ट अंगठीची आहे. शिकागोतल्या एका सावकारी दुकानात, जिथे लोक वस्तू गहाण टाकतात किंवा विकतात, एक तरुण जोडपं ती अंगठी विकत घेतं. लहानशा चर्चमध्ये लग्न होतं. मग छोट्याशा घरात भांडण होतं आणि अंगठी भिरकावली जाते. शेवटी ती परत तशाच दुकानात, आणि काचेपलीकडून कोणीतरी दुसरं जोडपं तिच्याकडे बघतंय. तीन मिनिटांत सगळं. शब्द इतके मोजके आहेत की साधं इंग्रजी येणाऱ्यालाही पूर्ण कळतात, म्हणून शब्दांसह ऐकायचं पहिलं गाणं म्हणून मी हेच सुचवेन.

ऐकताना जोन्सकडे कान ठेवा. त्याचा सूर एका जागी उभा राहत नाही. शब्दाच्या मधोमध तो खाली वाकतो, परत वर येतो, आपल्या मींडेसारखा. टॅमीचा आवाज सरळ, रडवेला, शेवटाला फुटतो की काय असा. ती सरळ रेषा धरते आणि तो तिच्याभोवती वळतो. त्यांचा निर्माता बिली शेरिल मागे तंतुवाद्यं आणि कोरस चढवत नेतो. काही रसिकांना हा थाट जास्त वाटतो. मला तो या दोन आवाजांना शोभतो असंच वाटतं.

आता चरित्राचं. जोन्सची दारू, भांडणं, याविषयी खंडीभर मजकूर सापडेल. गाणी ऐकण्याआधी तो वाचू नका. लग्नाचं आणि घटस्फोटाचं साल माहीत असलं की काम भागतं. तेवढ्यानेही 'गोल्डन रिंग'मधली एक ओळ तो म्हणतो आणि पुढची ती, तेव्हा पोटात कालवतं.

सहावी पायरी: पोर्टर आणि डॉली

1967 मध्ये पोर्टर वॅगनरच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात नवी मुलगी आली, डॉली पार्टन. आधीची गायिका नॉर्मा जीन लोकांची लाडकी होती, प्रेक्षकांना ही नको होती. पोर्टरने तिच्याबरोबर स्वतः गायला सुरुवात केली, म्हणजे लोक तिला स्वीकारतील. त्यातून ही जोडी उभी राहिली.

'जस्ट समवन आय यूज्ड टू नो' (1969) घ्या. खिशातल्या फोटोतलं माणूस कोण असं कोणी विचारलं तर म्हणायचं, असंच, पूर्वी ओळख होती. खाली पोर्टरचा घसीट, बोलल्यासारखा आवाज आणि वर डॉलीचा बारीक, थरथरता. दुसऱ्या पायरीत पेटीवर जे केलंत ते इथे पडताळून बघा. डॉली कधीही त्याला झाकत नाही, आणि तरीही काही वेळाने आपण तिलाच ऐकत असतो.

1974 मध्ये तिने स्वतंत्र व्हायचं ठरवलं. पोर्टरचा निरोप घेण्यासाठी तिने लिहिलेलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' पुढे जगभर गेलं. पण त्याच वर्षी दोघांचं 'प्लीज डोन्ट स्टॉप लव्हिंग मी' पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि त्या दोघांचं तेवढं एकच द्वंद्वगीत तिथवर गेलं. ही दोन्ही गाणी एकापाठोपाठ लावा.

वाद्यं आणि शब्द, थोडक्यात

लांबलचक, रडल्यासारखा घसरत जाणारा जो आवाज येतो ती पेडल स्टील गिटार. हवाईयन गिटारचीच ती वंशज, आणि हवाईयन गिटार आपल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांतही भरपूर आहे, त्यामुळे कान तिला चटकन ओळखेल. फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाजवण्याची ढब वेगळी. गायक श्वास घेतो त्या फटीत यांपैकी एक वाद्य उत्तर देऊन जातं. गाण्याचे शब्द दुसऱ्या ऐकण्यानंतर वाचा, आधी नको.

पुरुष-पुरुष जोड्याही संचात असतात. विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्डचं 'पाँचो अँड लेफ्टी' (1983) सोडू नका. बराच वेळ विली एकटाच गातो, शेवटच्या कडव्याला मर्लचा भरदार आवाज येतो आणि गोष्ट एकदम म्हातारी होते. त्याच वर्षीचं केनी रॉजर्स आणि डॉलीचं 'आयलंड्स इन द स्ट्रीम' तुम्ही बहुधा कुठेतरी ऐकलेलंच असेल. बी जीज या पॉप गटातल्या भावांनी लिहिलेलं, चकचकीत पॉप. छान आहे, पण सुरुवात त्याने करू नका, कारण नंतर जुनी गाणी कोरडी वाटतील.

एक फसवं द्वंद्वगीत

काही संचांत जिम रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन यांचं 'हॅव यू एव्हर बीन लोनली' सापडेल. वांद्रे, वसई, गोवा इथल्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना जिम रीव्हज नवा नाही, नाताळात त्याचा मखमली आवाज अजूनही लागतो. त्यामुळे हे गाणं दिसलं की आपल्याकडचा माणूस आधी तेच लावणार. पण पॅट्सी मार्च 1963 मध्ये विमान अपघातात गेली, जिम जुलै 1964 मध्ये, तोही विमान अपघातातच. हे द्वंद्वगीत आलं 1981 मध्ये. दोघांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपन्यांसाठी गायलेलं गाणं तंत्राने एकत्र जोडलेलं आहे.

जरूर ऐका, आणि लूव्हिन बंधूंच्या गाण्यानंतर लगेच ऐका. दोन्ही आवाज देखणे आहेत, सुरात आहेत, जोडकामही सफाईचं. तरी कोणी कोणासाठी थांबत नाही. तिने शब्द लांबवला म्हणून त्याने लांबवला असं होत नाही, श्वास एकत्र पडत नाहीत. आयरा लूव्हिन चार्लीच्या ओठांतून शब्द सुटायच्या क्षणी आपला सूर ठेवत असे. हा फरक तुमचा तुम्हाला ऐकू आला, की कान तयार झाला असं समजा.

पुढे कुठे जायचं

संच संपल्यावर आणखी संच घेऊ नका. आवडलेल्या एका जोडीचा एक पूर्ण अल्बम घ्या. जॉनी आणि जूनचा 1967 चा 'कॅरिइंग ऑन' चालेल, किंवा ग्रॅम पार्सन्सचा 1974 चा 'ग्रीव्हस एंजल', ज्यात एमीलू हॅरिस 'लव्ह हर्ट्स' या गाण्यात त्याच्या हळव्या, किंचित डळमळत्या आवाजाला वरून सावरून धरते.

नंतर मागे जा. 1954 चं रेड फोली आणि किटी वेल्सचं 'वन बाय वन'. त्याही मागे 1930 च्या दशकातल्या भावांच्या जोड्या: डेलमोर बंधू, मन्रो बंधू, ब्लू स्काय बॉईज. ध्वनिमुद्रण खरखरतं, साथीला एखाद-दुसरं तंतुवाद्य, बाकी काही नाही. ही गाणी हेडफोनऐवजी खोलीत स्पीकरवर लावा, खरखर कमी टोचते.

अमेरिकेत राहत असाल आणि टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात जाणं झालं, तर कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयातून आरसीएच्या जुन्या 'स्टुडिओ बी'ची सहल निघते, ती घ्या. रायमन सभागृहही पाहा, 1943 ते 1974 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम तिथून होत असे. कार्यक्रमाचं तिकीट मिळालं तर गायकांच्या जवळची जागा घ्या, म्हणजे दुसरा आवाज पहिल्याकडे कसा बघत गातो ते दिसेल.